आकसण्याची सूट

चाळीस वर्षं उद्यमनगरात मी लाकडाचे पॅटर्न कापले.
पंपाच्या बॉड्या, फ्लायव्हील, चरकाचे दात.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून आमची पट्टीच वेगळी.
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा केसभर लांब.
ती सूट मी एकदाही विसरलो नाही.
घरी मात्र साधीच पट्टी होती.

शालन केएमटीच्या शेवटच्या सीटवर बसलेली,
मांडीवर कपिलतीर्थाची भाजी.
गंगावेशीच्या अलीकडे स्पीडब्रेकर.
बस उडाली, ती उडाली, खाली आली
आणि म्हणाली, "कायतरी मोडलं बघा."
मी पिशवीत बघितलं.
भोपळा शाबूत होता.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीवर धरली.
एकावर एक मणके, आणि त्यात बारावा
पुढून चेपलेला,
ओल्या गुळाच्या ढेपेवर कुणी बसावं तसा.
"हाडं आतून विरळ झालीत."
मी म्हणालो, "म्हणजे ब्लोहोल."
ते हसले नाहीत.
फौंड्रीत कधी गेले नसावेत.

राजारामपुरीतले हे तरुण डॉक्टर म्हणाले,
सुई घालू, सिमेंट भरू, परवा चालत घरी.
शाहूपुरीतले म्हातारे म्हणाले,
पट्टा बांधा, तीन महिने.
हाड आपलं आपण धरतं,
तेवढा धीर धरवतो का बघा.
दोघांची फी सारखीच.

मला दोन्ही पटलं, हीच पंचाईत.
कास्टिंगमधलं भोक लांबी भरून, रंग मारून
ट्रकात चढवणारे मालक मी पाहिलेत,
आणि तोच तुकडा
मुकाट्यानं भट्टीत परत टाकणारेही.
माणूस भट्टीत परत टाकता येत नाही.

शालन छताकडे बघत म्हणाली,
"मी काय ओटा हाय व्हय, सिमेंट वतायला?
बांधतो पट्टा. पडून राहतो."

मे महिना. पट्ट्याखाली घामोळं, त्यावर पावडर,
पावडरीचा चिखल.
कुशीवर वळायचं तर एका तुकड्यात,
खांदा आणि कंबर एकदम, ओंडक्यासारखं.
जन्मभर लाकूड वळवलं,
पण लाकूड "आई गं" म्हणत नाही.
तिला वाकायचं नव्हतं, म्हणून तिचे पाय मी धुतले.
जोडव्यांनी बोटात पाडलेली खाच
मला तेव्हा दिसली.

वर्षभर नाक फेंदारून कॅल्शियम घेतलं,
पोटात टोचायची सुई रोज, तीही मीच शिकलो.

मागच्या गल्लीतल्या कुरुंदवाडे मास्तरांच्या बायकोनं
त्याच उन्हाळ्यात सिमेंट भरून घेतलं
आणि पंधराव्या दिवशी
जोतिबाच्या पायऱ्या उतरून आली, पेढे घेऊन.
त्या रात्री शालन माझ्याशी बोलली नाही.
पुढच्या वर्षी त्यांचा वरचा मणका बसला.
सिमेंटमुळं म्हणावं, की हाडंच तसली म्हणावं,
डॉक्टर दोन्ही बाजूंनी मान हलवतात.
त्याही रात्री शालन बोलली नाही.

आता ती चालते. मंडईत जाते,
बसमध्ये पुढच्या सीटसाठी भांडते.
पण पहाटे कूस बदलताना तिच्या तोंडून हुंकार निघतो
आणि मी अंधारात सुईचा हिशेब मांडत बसतो.
जमत नाही. झोपही येत नाही.

चौकटीला पाठ लावून उंची मोजली. दीड इंच कमी.
चहापत्तीच्या डब्याला हात पुरेना, तर टाचा उचलून
डबा बोटांनी ओढायची.
रविवारी मी फळी उतरवली,
ब्रॅकेट खाली घेतले, जुनी भोकं बुजवली.

ती बघत होती. मग टेप मागितला.
"दोन इंच कशाला? दीडच भरलीती न्हवं मी?"
मी म्हणालो, "सूट धरलीय."

क्षणभर थांबली.
मग डबा फळीवर ठेवला,
चांगला वाजेल असा.